तक्ते तोंडपाठ, पण उतारा अडतो: लॅटिनची सहा आठवड्यांची उजळणी कशी आखावी?

वहीतलं_लॅटिन

नमस्कार. दोन वर्षं लॅटिन शिकलेल्या, साधारण १५-१६ वयाच्या विद्यार्थ्यांसाठी उजळणीचा आराखडा हवा आहे. परीक्षेला सहा आठवडे आहेत. प्रश्नपत्रिकेत तीन भाग: न पाहिलेला आठ-दहा ओळींचा उतारा, शब्द आणि रूपं ओळखणं, आणि रोमन इतिहास व संस्कृतीवर छोटे प्रश्न. उतारा दीर्घखुणांशिवाय (स्वर लांब असल्याचं दाखवणाऱ्या रेघांशिवाय) छापलेला असतो.

'पुएल्ला' किंवा 'सेर्वुस' चालवायला सांगितलं की मुलं घडाघडा म्हणतात. पण उताऱ्यात 'रेगिस' दिसलं की ते 'पुएल्लीस'सारखं समजून चतुर्थीचं अनेकवचन ठरवून मोकळी होतात. 'मोनेत' आणि 'रेगेत' दोन्ही वर्तमानकाळात घालतात. वाक्यातलं पहिलं नाम म्हणजे कर्ता, अशीही पक्की समजूत आहे. संस्कृतीच्या भागात नावांचा नुसता ढीग झाला आहे.

व्याकरण कोणत्या क्रमाने घ्यावं? शब्द रोज किती आणि कसे? संस्कृतीला वेगळा वेळ द्यावा का? मुलांना संस्कृतच्या विभक्त्या येतात, त्याचा कुठे उपयोग होईल?

अंत्यप्रत्यय

तक्ता म्हणताना मुलं विभक्तीकडून रूपाकडे जातात. उताऱ्यात नेमकं उलट करावं लागतं: रूप समोर असतं आणि त्यावरून विभक्ती काढायची असते. ही उलटी वाट कधी चाललेलीच नसते म्हणून 'रेगिस'ला गाडी अडते. तेव्हा पहिल्या आठवड्यात तक्ते बंद ठेवा आणि प्रत्ययांचं उलटं पत्रक करून घ्या. डावीकडे प्रत्यय, उजवीकडे त्याच्या सगळ्या शक्यता. दीर्घखुणा नाहीत असं धरूनच लिहायचं.

'आए': पहिल्या डिक्लेन्शनची (नाम चालवण्याच्या पाच गटांपैकी पहिल्याची) षष्ठी एकवचन, चतुर्थी एकवचन, प्रथमा अनेकवचन.

'इस': पहिल्या-दुसऱ्याची चतुर्थी आणि अॅब्लेटिव्ह ('ने', 'हून', 'त' अशा अर्थांची विभक्ती) अनेकवचन, तिसऱ्याची षष्ठी एकवचन, 'कीविस'सारख्या नामांची प्रथमासुद्धा, शिवाय क्रियापदाचा द्वितीय पुरुष एकवचन.

'उम': दुसऱ्याची द्वितीया एकवचन (सेर्वुम), नपुंसकाची प्रथमा-द्वितीया (बेल्लुम), आणि तिसऱ्याची षष्ठी अनेकवचन (रेगुम). सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. 'रेगुम' दिसलं की 'राजाला' असं लिहून टाकतात, खरं तर ते 'राजांचा' आहे.

'इ': दुसऱ्याची षष्ठी एकवचन आणि प्रथमा अनेकवचन, तिसऱ्याची चतुर्थी एकवचन, परफेक्टचा (पूर्ण भूतकाळाचा) प्रथम पुरुष (आमावी), आणि तिसऱ्या कॉन्जुगेशनचा (क्रियापदांच्या गटाचा) पॅसिव्ह इन्फिनिटिव्ह, म्हणजे 'केलं जाणं' असं कर्मणी रूप. 'रेगी' म्हणजे 'राजाला' की 'राज्य केलं जाणं', हे वाक्यच सांगतं.

'आ', 'उस', 'ओ', 'एस' यांची पत्रकं मुलांनी स्वतः भरावीत. तुम्ही फक्त राहून गेलेल्या शक्यता दाखवा.

शक्यता मांडल्या की त्यातली एक निवडायला शब्दकोशातली पूर्ण नोंद लागते. 'रेक्स, रेगिस, पुल्लिंगी' एवढं माहीत असेल तर 'रेगिस' षष्ठी. 'रेगो, रेगेरे' या क्रियापदाचं असेल तर 'तू राज्य करतोस'. नामाचं डिक्लेन्शन कळतं ते षष्ठीवरून: आए, इ, इस, उस, एइ. प्रथमेवरून कधीच नाही. मूळ अंगही षष्ठीतूनच काढायचं. 'कोर्पुस, कोर्पोरिस' हे 'सेर्वुस'सारखं चालवणारा विद्यार्थी षष्ठी पाठ न केलेला असतो, दुसरं काही नाही.

नामांचा क्रम असा ठेवा: पहिली तीन डिक्लेन्शन एकत्र, कारण बहुतेक नामं त्यातलीच. चौथं-पाचवं एका बैठकीत उरकतं. पाचव्यात 'रेस' आणि 'दिएस' सोडले तर पूर्ण अनेकवचन चालणारी नामं नाहीतच. नपुंसकाचा नियम सगळीकडे एकच: प्रथमा आणि द्वितीया सारखी, अनेकवचनी शेवटी 'आ'. विशेषण लिंग-वचन-विभक्तीने जुळतं, प्रत्ययाच्या आवाजाने नाही. 'नाउता बोनुस' हेच बरोबर.

क्रियापदात परफेक्टचे प्रत्यय चारही कॉन्जुगेशनला एकसारखे असल्यामुळे तिथे फार वेळ घालवू नका. खरा गुंता प्रेझेंट अंगावर आहे, आणि तो एका स्वराचा आहे. हे तीन शेजारी लिहा:

मोनेत – दुसरं कॉन्जुगेशन, वर्तमान: सावध करतो
रेगेत – तिसरं, भविष्य: राज्य करील
आमेत – पहिलं, वर्तमान सबजंक्टिव्ह (इच्छा, हेतू अशा अर्थांची रूपं): प्रेम करो

तिन्हींचा शेवट 'एत'. फरक कळतो तो फक्त क्रियापद कोणत्या कॉन्जुगेशनचं आहे यावरून. भविष्यकाळात पहिल्या-दुसऱ्याला 'बो, बिस, बित'. तिसऱ्या-चौथ्याला 'आम, एस, एत'. सबजंक्टिव्ह वर्तमानाची यादी वहीच्या आतल्या पानावर असू द्या: आमेत, मोनेआत, रेगात, आउदिआत, कापिआत. इम्परफेक्ट (अपूर्ण भूतकाळ) सबजंक्टिव्हसाठी पूर्ण इन्फिनिटिव्हला पुरुषवाचक प्रत्यय लावायचा (आमारे – आमारेम), प्लूपरफेक्टसाठी (त्याही आधीच्या भूतकाळासाठी) परफेक्ट इन्फिनिटिव्हला (आमाविस्से – आमाविस्सेम). वेगळे तक्ते नकोत.

'आमातुस एस्त' म्हणजे 'प्रेम केलं गेलं'. शेवटी 'एस्त' दिसतं म्हणून वर्तमानकाळ लिहितात, ते चूक. वर्तमान पॅसिव्ह 'आमातुर' हे एकाच शब्दाचं रूप आहे.

आता वाक्य. 'रेगेम मीलितेस तिमेंत.' मुलं लिहितात 'राजा सैनिकांना घाबरतो'. शब्दांचा क्रम न हलवता प्रत्येकाखाली त्याच्या प्रत्ययाचं मराठी रूप लिहायला लावा: राजाला – सैनिक – घाबरतात. मराठी वाक्य आहे त्या क्रमात उभं राहिलं. मराठी स्वतः विभक्तीवर चालते, त्यामुळे शब्द उचलून इकडेतिकडे नेण्याची गरज फार कमी वेळा पडते. इंग्रजी पुस्तकांतली 'आधी कर्ता शोधा, मग क्रियापद, मग कर्म' ही पद्धत इंग्रजीच्या अडचणीवरचा उपाय आहे. इथे त्याऐवजी हे करा: सगळी क्रियापदं अधोरेखित करा, मुख्य आणि गौण वाक्यं मोजा, 'कुम', 'उत', 'सी', 'क्वोद' अशा जोडशब्दांभोवती चौकट काढा, आणि मग डावीकडून उजवीकडे वाचत जा.

तिसरा_गण

संस्कृतच्या उपयोगाबद्दल विचारलंय, त्यावर थोडं सविस्तर.

लॅटिनच्या अॅब्लेटिव्हमध्ये तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तिघींचं काम एकवटलं आहे. म्हणून प्रत्येक अॅब्लेटिव्हखाली मुलांनी 'ने', 'हून' किंवा 'त' यांपैकी एक लिहावं. 'ग्लादिओ' तलवारीने, 'एक्स उर्बे' नगराहून, 'इन उर्बे' नगरात. कर्मणी वाक्यात माणूस करणारा असेल तर 'आ' किंवा 'आब' लागतो (आ मीलिते, सैनिकाकडून), वस्तूला नाही. 'इन'नंतर द्वितीया आली की गती आहे: 'इन उर्बेम', नगराच्या आत जाणं. गावांच्या नावांना शब्दयोगी अव्यय लागतच नाही: रोमाम (रोमला), रोमा (रोमहून), रोमाए (रोममध्ये). यातलं शेवटचं जुन्या सप्तमीचं उरलेलं रूप, 'दोमी' म्हणजे घरी हेही तसंच.

सति सप्तमी (संस्कृतमधली 'असं झालं असता' ही रचना) ज्याला कळली त्याला अॅब्लेटिव्ह अॅब्सोल्यूट नव्याने शिकवावा लागत नाही, फक्त विभक्ती बदलते. 'उर्बे काप्ता': नगर जिंकलं गेल्यावर. नाम आणि पार्टिसिपल (धातुसाधित विशेषण) दोन्ही अॅब्लेटिव्हमध्ये, आणि ते नाम उरलेल्या वाक्यात कर्ता किंवा कर्म म्हणून पुन्हा आलेलं नसतं. परफेक्ट पार्टिसिपल असेल तर 'ल्यावर', प्रेझेंट असेल तर 'त असताना'. तिसरा प्रकार मुलांना दचकवतो: 'काएसारे दुके'. यात क्रियापदच नाही, कारण 'एस्से'चा प्रेझेंट पार्टिसिपल लॅटिनमध्ये नाही. 'सीझर सेनापती असताना' असं सरळ भाषांतर करावं.

अप्रत्यक्ष कथनात तर मराठीची मदत संस्कृतपेक्षाही मोठी आहे. द्वितीयेतला कर्ता आणि इन्फिनिटिव्ह:

दीक्सित पुएल्लाम वेनीरे – मुलगी येत आहे असं तो म्हणाला
दीक्सित पुएल्लाम वेनिस्से – मुलगी आली असं तो म्हणाला
दीक्सित पुएल्लाम वेंतूराम एस्से – मुलगी येणार असं तो म्हणाला

लॅटिन इन्फिनिटिव्हचा काळ मुख्य क्रियापदाच्या तुलनेत मोजतात: त्याच वेळी, आधी, नंतर. मराठीही 'म्हणाला' असून 'येत आहे' तसंच ठेवते. इंग्रजी पुस्तकातून शिकलेली मुलं आधी इंग्रजीत काळ मागे सरकवतात आणि तिथून मराठीत येताना 'येत होती' करून बसतात. मधला थांबा काढून टाकला की हा धडा एका दिवसात होतो.

'उत'साठी दोन प्रश्न विचारायचे. वाक्यात आधी 'ताम', 'इता', 'सीक', 'तांतुस' किंवा 'आदेओ' आहे का? असेल तर परिणाम: 'इतका... की', आणि नकार 'उत नोन'. नसेल तर बहुधा हेतू: 'म्हणून' किंवा 'साठी', आणि नकार 'ने'. 'उत'नंतर इंडिकेटिव्ह आलं तर तिसराच अर्थ, 'जसं' किंवा 'जेव्हा'. भीतीच्या क्रियापदानंतर मात्र सावध: 'तिमेओ ने वेनिआत' म्हणजे 'तो येतो की काय अशी भीती वाटते'. तिथे 'ने'चं भाषांतर नकारार्थी करायचं नाही.

एक जोड वरच्या उत्तराला. तिसऱ्या डिक्लेन्शनमध्ये षष्ठी अनेकवचन कधी 'उम', कधी 'इउम'. प्रथमा 'इस' किंवा 'एस'मध्ये संपते आणि षष्ठीत अक्षरं वाढत नाहीत (कीविस, कीविस), किंवा अंगाच्या शेवटी दोन व्यंजनं आहेत (उर्ब्स, उर्बिस), तर 'इउम'. पातेर, मातेर, फ्रातेर, कानिस, युवेनिस हे अपवाद, त्यांना 'उम'.

शब्दपेटी

शब्दांबद्दल. रोज दहा नवे आणि तीस जुने, यापेक्षा जास्त नको. नवा शब्द पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा यावा. चुकला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून.

कार्डावर काय लिहायचं, हे संख्येपेक्षा महत्त्वाचं. नामाची प्रथमा, षष्ठी आणि लिंग. क्रियापदाची चारही रूपं: 'आगो, आगेरे, एगी, आक्तुम'. उताऱ्यात 'एगित' येतं आणि 'आगो' पाठ असणारा विद्यार्थी तो शब्द नवा आहे असं म्हणतो. 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम' आणि 'तोल्लो, तोल्लेरे, सुस्तुली, सुब्लातुम' ही तर चार रूपांशिवाय ओळखणं शक्यच नाही. कार्डाची पुढची बाजू दर वेळी मूळ रूपाची नको. निम्म्या कार्डांवर 'सुस्तुलित', 'इतिनेरे', 'विरेस' अशी चाललेली रूपं ठेवा आणि मागे पूर्ण नोंद.

कोणती विभक्ती लागते तेही कार्डावरच. क्रेदो, पारेओ, नोकेओ, पार्को, पेर्सुआदेओ, फावेओ यांना चतुर्थी. ऊतोर, फ्रुओर, फुंगोर, पोतिओर, वेस्कोर यांना सहसा अॅब्लेटिव्ह. ही दुसरी पाच डेपोनंट आहेत, म्हणजे रूप कर्मणी आणि अर्थ कर्तरी, त्यामुळे चूक दोनदा होते.

गोंधळाच्या जोड्या शेजारी ठेवून पाठ करा, वेगवेगळ्या दिवशी नाही:

याकेओ, याकेरे, याकुई – पडून असणं. याकिओ, याकेरे, येकी, याक्तुम – फेकणं
पारो, पारारे – तयार करणं. पारेओ, पारेरे – आज्ञा पाळणं. पारिओ, पारेरे – जन्म देणं
लिबेर, लिब्री – पुस्तक. लीबेर – मुक्त. लीबेरी – मुलंबाळं
ओस, ओरिस – तोंड. ओस, ओस्सिस – हाड
कादो, केकिदी – पडणं. काएदो, केकीदी – कापणं, मारणं
क्वीदाम – कोणी एक. क्विदेम – खरोखर, तरी

उच्चार देवनागरीत लिहून घ्यायची सवय असेल तर इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक आपोआप जपला जातो, हा मोठा फायदा. पण 'ए' आणि 'ओ'ची लांबी देवनागरीत दिसत नाही. दुसऱ्या कॉन्जुगेशनचं 'मोनेरे' आणि तिसऱ्याचं 'रेगेरे' एकाच साच्यातले वाटतात. 'मोनेरे'त आघात 'ने'वर आहे, 'रेगेरे'त पहिल्या 'रे'वर. आघाताचं अक्षर अधोरेखित करा, वर सांगितलेल्या 'एत'च्या गुंत्यातून सुटका तिथूनच होते.

संस्कृतशी जुळणारे शब्द एका बैठकीत करून टाका: पातेर-पितृ, फ्रातेर-भ्रातृ, इग्निस-अग्नि, देउस-देव, देंस-दंत, नोमेन-नाम, नोवुस-नव, युगुम-युग, विदुआ-विधवा, सेप्तेम-सप्त, देकेम-दश. संख्यांमध्ये एकोणीससाठी 'ऊनदेवीगिंती', वीसला एक कमी, मराठीसारखंच. अठरासुद्धा तसाच: 'दुओदेवीगिंती', वीसला दोन कमी.

सात_टेकड्या

संस्कृतीसाठी वेगळा दिवस ठेवू नका. रोज शेवटची दहा मिनिटं पुरतात, पण हात चालता हवा. वाचून हा भाग राहत नाही, काढून राहतो.

घराचा आराखडा कोऱ्या कागदावर काढायला लावा आणि नावं भरून घ्या: वेस्तिबुलुम, आत्रिउम, ताब्लीनुम, त्रिक्लीनिउम, कुबिकुलुम, कुलीना, मागे पेरिस्तीलिउम. छताला असलेली उघडी जागा म्हणजे कोम्प्लुविउम, तिच्या खालचं पाण्याचं कुंड म्हणजे इम्प्लुविउम. या दोघांची अदलाबदल जवळपास ठरलेली असते. शहरातले बहुसंख्य लोक अशा घरात राहत नव्हते, ते 'इन्सुला' नावाच्या बहुमजली इमारतीत राहत, हे उत्तरात आलंच पाहिजे. स्नानगृहाचंही तसंच चित्र: आपोदितेरिउम (कपडे बदलण्याची खोली), तेपिदारिउम (कोमट), काल्दारिउम (गरम), फ्रीगिदारिउम (थंड), आणि जमिनीखालून गरम हवा फिरवणारी हिपोकाउस्तुम.

इतिहासाचे एवढे खुंट पुरेत: इ.स.पू. ७५३ परंपरेनुसार नगराची स्थापना, ५०९ राजेशाहीचा शेवट, २६४ ते १४६ कार्थेजशी तीन युद्धं (कानाएची लढाई २१६, झामाची २०२), १३३ तिबेरियस ग्राकुस ट्रिब्यून, ६३ सिसेरो कॉन्सल (सर्वोच्च वार्षिक पद), ४९ सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली, ४४ सीझरचा खून, ३१ अॅक्टियमची लढाई, २७ ऑगस्टस ही पदवी. मग इ.स. १४ ऑगस्टसचा मृत्यू, ७९ व्हेसुव्हियसचा उद्रेक, ८० कोलोसियमचं उद्घाटन, ११७ ट्राजनच्या काळातला सर्वात मोठा विस्तार, ३१३ मिलानचा करार, ४७६ पश्चिमेतला शेवटचा सम्राट पदच्युत. हे खुंट पक्के झाले की कोलोसियममध्ये सीझर बसलेला दाखवणारी उत्तरं यायची थांबतात. सीझर सम्राट नव्हता, तो डिक्टेटर होता. पहिला सम्राट ऑगस्टस.

पदांची शिडी वयासह पाठ करा, कारण प्रश्न तसाच येतो. सुल्लाच्या काळापासून क्वेस्टर ३०, प्रेटर ३९, कॉन्सल ४२. मधलं ईडाइलपद सक्तीचं नव्हतं. कॉन्सल दोन, मुदत एक वर्ष. डिक्टेटरची जुनी मुदत जास्तीत जास्त सहा महिने, त्यामुळे इ.स.पू. ४४ मधली सीझरची आजन्म डिक्टेटरशिप एवढी का खुपली ते समजतं. प्लेब्सचे (सामान्य जनतेचे) ट्रिब्यून दहा, आणि ते या शिडीत मोडत नाहीत.

पंचांगावर मात्र एक पूर्ण तास द्या. कालेंदे म्हणजे १ तारीख. नोने ५ला आणि ईदेस १३ला. मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर या चार महिन्यांत ७ आणि १५. बाकीचे दिवस पुढच्या खुणेपासून उलटे मोजायचे, आणि दोन्ही टोकं धरून. सूत्र:

कालेंदेआधीचा दिवस = चालू महिन्याचे दिवस + २ − दिलेला आकडा
नोने किंवा ईदेसआधीचा दिवस = तिची तारीख + १ − दिलेला आकडा

'मे महिन्याच्या कालेंदेआधी अकरावा दिवस': एप्रिलचे ३० + २ − ११ = २१ एप्रिल, रोमचा स्थापनादिन. 'मार्चच्या ईदेसआधी तिसरा दिवस': १५ + १ − ३ = १३ मार्च. आदला दिवस असेल तर 'दुसरा' म्हणत नाहीत, 'प्रीदिए' म्हणतात. चुकणारे एकतर टोक सोडतात किंवा महिना चुकवतात: 'एप्रिलच्या कालेंदेआधी' म्हटलं की तारीख मार्चमधली.

तासही असेच फसवे. उजेडाचे बारा भाग, म्हणून उन्हाळ्यातला तास हिवाळ्यातल्यापेक्षा लांब. रात्रीचे चार 'विगिलिआ'. उताऱ्यात 'तेर्तिआ विगिलिआ' आलं तर मध्यरात्रीनंतरचा पहारा.

नावांमध्ये: पहिलं व्यक्तीचं, दुसरं कुळाचं, तिसरं शाखेचं. मार्कुस तुल्लिउस किकेरो (म्हणजेच सिसेरो). मुलीला कुळाच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप, म्हणून त्याची मुलगी तुल्लिआ. शिलालेखात 'गाइउस'चं आद्याक्षर 'क'च्या चिन्हाने लिहितात, 'ग'च्या नाही. मुलं ते 'काइउस' वाचतात.

वहीतलं_लॅटिन

खूप आभार, उलटं पत्रक आजच सुरू करतो. दोन शंका. रोज पन्नास मिनिटं मिळतात, ती कशी वाटावीत? आणि सर्वनामं कुठे बसवायची?

अंत्यप्रत्यय

दहा मिनिटं शब्द, दहा मिनिटं रूपओळख (पंधरा सुटी रूपं, प्रत्येकाच्या सगळ्या शक्यता लेखी), वीस मिनिटं उतारा, दहा मिनिटं सात_टेकड्या म्हणतात तो भाग. पंचांगाच्या दिवशी सगळं बाजूला.

आठवड्यांची विभागणी: पहिला नामं आणि विशेषणं, दुसरा प्रेझेंट अंगाची क्रियापदं आणि सर्वनामं, तिसरा परफेक्ट, पॅसिव्ह, डेपोनंट, चौथा पार्टिसिपल, अॅब्लेटिव्ह अॅब्सोल्यूट, अप्रत्यक्ष कथन, पाचवा सबजंक्टिव्ह. सहाव्यात नवीन काही नाही, रोज एक पूर्ण उतारा वेळ लावून. गेरुंड आणि गेरुंडिव्ह (क्रियापदापासून बनलेलं नाम आणि विशेषण) चौथ्याच्या शेवटी: 'आद लेगेंदुम' वाचण्यासाठी, 'आद लिब्रोस लेगेंदोस' पुस्तकं वाचण्यासाठी, 'एस्त' सोबत आलं की 'लाच पाहिजे', आणि ते कोणी करायचं तो शब्द चतुर्थीत.

सर्वनामांत हिक, इल्ले, इस, क्वी या चारांवर भर. त्यांची षष्ठी 'उस'मध्ये (हूयुस, इल्लीउस, एयुस, कूयुस) आणि चतुर्थी 'इ' किंवा 'इक'मध्ये, तिन्ही लिंगांना तीच. 'एयुस'ला पुल्लिंगी प्रथमा समजतात, तेवढं रोज विचारा. 'क्वी'चं लिंग-वचन आधीच्या नामाकडून येतं, विभक्ती मात्र स्वतःच्या वाक्यातून. मराठीतल्या 'ज्याला... तो' मध्ये हेच घडतं: 'ज्याला' चतुर्थीत, 'तो' प्रथमेत. 'पुएर कुई लिब्रुम देदी': ज्याला मी पुस्तक दिलं तो मुलगा.

तिसरा_गण

उतारा तपासताना एक करा. चुकीच्या शब्दावर लाल खूण न करता समासात चुकीचा प्रकार लिहा: 'प्र' प्रत्यय, 'नों' शब्दकोशातली नोंद, 'जो' जोडशब्द, 'का' काळ. तीन उताऱ्यांनंतर कोणाचं काय कच्चं आहे ते समासातच दिसतं. ज्याचे 'नों' जास्त, त्याने रूपओळख कमी करून शब्दांना वीस मिनिटं द्यावीत. 'जो' जास्त असतील तर फक्त 'कुम' आणि 'उत' असलेली वाक्यं काढून द्या: 'कुम'नंतर अॅब्लेटिव्ह नाम असेल तर 'सह', सबजंक्टिव्ह असेल तर 'असताना', 'कारण' किंवा 'असूनही', पुढे मुख्य वाक्यात 'तामेन' आलं तर 'असूनही'च.